मॉनिटर निवडताना कंपनीचे नाव कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे: दिवसा फोटोंचे संपादन आणि मजकुराचे काम, रात्री वेगवान गेम, आणि या दोन्हींसाठी २५६० × १४४० पिक्सेलचा एकच २७ इंची मॉनिटर. डेल, एलजी, सॅमसंग, एसूस आणि बेनक्यू यांपैकी चित्राचा दर्जा, इनपुट लॅग (मॉनिटरला संकेत मिळाल्यापासून तो पडद्यावर दिसेपर्यंतचा विलंब) आणि विक्रीनंतरची सेवा या तिन्ही बाबतींत उजवी कंपनी कोणती, असे तुम्ही विचारले आहे. ‘रंगांसाठी डेल, वेगासाठी एसूस’ असा सल्ला एका मित्राने दिल्याचेही तुम्ही लिहिले आहे.

या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र गुंफले गेले आहेत. चित्राचा दर्जा मॉडेलवर ठरतो. इनपुट लॅग मॉडेलवर ठरतो आणि तुम्ही तो मॉनिटर कोणत्या मोडमध्ये चालवता यावरही ठरतो. सेवा मात्र खऱ्या अर्थाने कंपनीवर, त्यातही त्या कंपनीच्या तुमच्या भागातील व्यवस्थेवर अवलंबून असते. म्हणून मी कंपन्यांची तुलना सर्वांत शेवटी करतो, आणि तीही मुख्यतः सेवेसाठी. स्टुडिओ आणि कार्यालयांसाठी मॉनिटर निवडणे, ते कॅलिब्रेट करणे, म्हणजे यंत्राने मोजून रंग अचूक करणे, आणि बिघडल्यास वॉरंटीत बदलून घेणे हे माझे रोजचे काम आहे. त्या कामात जे हिशेब मी करतो तेच येथे मांडतो.

आधी पॅनेलविषयी, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणाऱ्या पडद्याविषयी. मॉनिटरवर जिचे नाव छापलेले असते ती कंपनी बहुतेक वेळा पॅनेल स्वतः बनवत नाही. एलजी डिस्प्ले, एयू ऑप्ट्रॉनिक्स, इनोलक्स, बीओई आणि टीसीएल समूहातील सीएसओटी अशा मोजक्या कारखान्यांतून बहुतांश एलसीडी पॅनेल येतात आणि डेल, एसूस, एमएसआय यांसारख्या कंपन्या ती विकत घेतात. सॅमसंगच्या मॉनिटरमध्ये सॅमसंगचेच पॅनेल असणार असा समज अजूनही आढळतो. पण सॅमसंग डिस्प्लेने सुझोऊ येथील एलसीडी कारखाना सीएसओटीला विकला आणि २०२२ मध्ये एलसीडी पॅनेलचे उत्पादनच थांबवले, त्यामुळे आज सॅमसंगच्या एलसीडी मॉनिटरमध्येही बाहेरून आलेले पॅनेल असते. एओसी आणि फिलिप्स या दोन नावांचे मॉनिटर तर टीपीव्ही या एकाच उद्योगसमूहाकडून येतात.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण २०२४ मध्ये पाहायला मिळाले. सॅमसंग डिस्प्लेने २७ इंची, १४४० पिक्सेल उंचीचे, ३६० हर्ट्झचे (सेकंदाला ३६० वेळा चित्र बदलणारे) क्यूडी-ओएलईडी, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणाऱ्या ओएलईडी प्रकारचे, पॅनेल बाजारात आणले आणि त्यावर आधारित मॉनिटर डेलने एलियनवेअर या नावाने, तसेच एमएसआय, गिगाबाइट आणि स्वतः सॅमसंगनेही विकायला काढले. पडदा मुळात एकच. फरक होता तो उष्णता बाहेर टाकण्याच्या पद्धतीत, फर्मवेअरमध्ये (मॉनिटरच्या आतील सॉफ्टवेअरमध्ये), जोडणीच्या पोर्टमध्ये, स्टँडमध्ये आणि वॉरंटीच्या अटींमध्ये. अशा वेळी ‘कोणत्या कंपनीचे चित्र चांगले’ या प्रश्नात फारसे काही उरत नाही. उलट एकाच कंपनीच्या दोन मालिकांमधील फरक पुष्कळदा दोन कंपन्यांमधील फरकापेक्षा मोठा असतो: डेलची सर्वांत स्वस्त मालिका आणि अल्ट्राशार्प, किंवा एसूसची टफ आणि प्रोआर्ट, यांना केवळ नाव समान आहे म्हणून एका रांगेत बसवणे चुकीचे ठरेल. तुमच्या मित्राच्या मनात बहुधा डेलची अल्ट्राशार्प आणि एसूसची गेमिंगसाठीची आरओजी या दोन विशिष्ट मालिका असाव्यात, आणि त्या मर्यादेत त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

तरीही पॅनेल म्हणजे संपूर्ण मॉनिटर नव्हे. कारखान्यातील कॅलिब्रेशन, ओव्हरड्राइव्हची (पिक्सेलचा रंगबदल जलद करणाऱ्या सुविधेची) जुळणी आणि मेनूतील मोड हे कंपनीच्या अभियंत्यांचे काम असते, आणि फोटो संपादनासाठी मी सर्वांत आधी जी गोष्ट तपासतो ती नेमकी याच भागात येते: एसआरजीबी मोड, म्हणजे इंटरनेटवर प्रमाण मानल्या जाणाऱ्या रंगक्षेत्रापुरता (रंगांच्या व्याप्तीपुरता) पडदा मर्यादित ठेवणारा मोड. आजचे बहुतेक चांगले पॅनेल एसआरजीबीपेक्षा बरेच विस्तृत रंगक्षेत्र दाखवते. इंटरनेटवरील बहुतेक छायाचित्रे मात्र एसआरजीबीसाठी तयार केलेली असतात, त्यामुळे रंग-व्यवस्थापन न करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती भडक दिसतात. त्वचेचा रंग लालसर होतो आणि गवत प्लास्टिकचे वाटू लागते. यावर उपाय म्हणून कंपन्या एसआरजीबी मोड देतात, पण काही मॉडेलमध्ये तो निवडताच ब्राइटनेसची पट्टी करडी होते आणि हलेनाशी होते. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर येणारा तो प्रकाश कमी करता येत नसेल, तर तो मोड केवळ खोक्यावर छापण्यापुरता आहे असे समजावे. छपाईसाठीच्या कामात मी पडदा साधारण १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर ठेवतो, त्यामुळे ब्राइटनेस बदलता न येणारा एसआरजीबी मोड माझ्या यादीतून तत्काळ बाद होतो. अल्ट्राशार्प, प्रोआर्ट आणि बेनक्यूची छायाचित्रकारांसाठीची एसडब्ल्यू मालिका यांत ही बाजू सामान्यतः नीट सांभाळलेली असते. गेमिंग मालिकांमध्ये प्रत्येक मॉडेल वेगळे तपासावे लागते.

खोक्यातून निघणाऱ्या ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ अशा प्रमाणपत्राविषयीही थोडे सांगायला हवे. डेल्टा ई म्हणजे अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष दिसणारा रंग यांतील फरकाचे माप. ते खोटे नसते, पण ते एका ठराविक मोडपुरते मोजलेले असते. तुम्ही मोड बदलला, रंगांच्या पट्ट्या हलवल्या, की तो कागद त्या मांडणीला लागू राहत नाही. शिवाय बॅकलाइट जुना होत जातो तसा पांढरा रंगही सरकत जातो. एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी आलेले दोन मॉनिटर शेजारी ठेवले की एकाचा पांढरा किंचित निळसर आणि दुसऱ्याचा किंचित पिवळट असणे ही नित्याची बाब आहे. फोटोंचे काम उत्पन्नासाठी असेल, तर महागड्या नावावर खर्च करण्यापेक्षा मध्यम दर्जाचा चांगला मॉनिटर आणि एक कॅलिब्रेशन यंत्र ही जोडी अधिक भरवशाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅनेलच्या प्रकारांवर थोडक्यातच लिहितो, कारण ही माहिती सहज मिळते. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार. सर्वसाधारण आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या रंगांच्या उजळतेचे प्रमाण) १०००:१ च्या आसपास, २०२२ मध्ये डेलच्या अल्ट्राशार्प मॉनिटरमधून प्रथम आलेल्या आयपीएस ब्लॅकचा सुमारे २०००:१, आणि व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून अधिक असतो. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, पण गडद छटांमधून हलणाऱ्या वस्तूंमागे काळपट शेपूट राहते आणि बाजूने पाहिल्यास छटा बदलतात, म्हणून फोटोंसाठी मी ते सुचवत नाही. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे बंद होतो आणि वेगाच्या बाबतीत त्याला तोड नाही. परंतु पडदाभर पांढरे पान उघडले की त्याची कमाल उजळता लहान भागातील उजळतेपेक्षा बरीच खाली येते, उपपिक्सेलच्या (पिक्सेलमधील लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांच्या) वेगळ्या रचनेमुळे अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसू शकते, आणि स्थिर टूलबार तासन्‌तास दाखवल्यास पडद्यावर कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. क्यूडी-ओएलईडीचा काळा रंग उजेडाच्या खोलीत किंचित जांभळट दिसतो, ही गोष्ट दुकानातल्या अंधाऱ्या दालनात लक्षात येत नाही. तुमचे दिवसाचे काम संपादनाचे आणि मजकुराचे आहे, हे या निवडीत मोठे वजन टाकणारे आहे.

आता इनपुट लॅग. येथे सर्वाधिक गोंधळ असतो तो जाहिरातीतील ‘१ मिलिसेकंद’ या आकड्यामुळे. तो आकडा रिस्पॉन्स टाइमचा असतो, म्हणजे पिक्सेल एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला किती वेळ लागतो याचा. आणि तोही बहुधा ओव्हरड्राइव्ह सर्वांत तीव्र ठेवून, सोयीची छटांची जोडी निवडून मिळवलेला असतो. इनपुट लॅग ही वेगळी गोष्ट आहे: संगणकाकडून संकेत मॉनिटरपर्यंत पोहोचल्यानंतर तो पडद्यावर येऊ लागेपर्यंतचा विलंब. रिस्पॉन्स टाइम वाईट असेल तर चित्र धूसर होते, आणि लॅग जास्त असेल तर हात आणि पडदा यांच्यात अंतर जाणवते. एकाच मॉनिटरमध्ये यांपैकी एक उत्तम आणि दुसरे सुमार असू शकते.

लॅगचे आकडे वाचताना रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा बदलते हे, लक्षात घेतल्याशिवाय तुलना करता येत नाही. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, १४४ हर्ट्झवर ६.९ आणि २४० हर्ट्झवर ४.२. पडदा वरून खाली रेखाटला जातो, त्यामुळे मध्यभागी मोजलेल्या आकड्यात अर्ध्या फ्रेमचा वेळ आपोआप मिसळलेला असतो: ६० हर्ट्झवर सुमारे ८.३ आणि १४४ हर्ट्झवर सुमारे ३.५ मिलिसेकंद. म्हणून ६० हर्ट्झवर मोजलेला ९ मिलिसेकंदांचा आकडा प्रत्यक्षात फार चांगला असतो, तर २४० हर्ट्झवर मोजलेला तोच आकडा मॉनिटर आत काहीतरी अडवून ठेवत असल्याचे सांगतो. दोन संकेतस्थळांवरील आकडे जुळत नाहीत याचे कारणही बहुधा हेच असते. एक जण पडद्याचा वरचा भाग मोजतो, दुसरा मध्यभाग, आणि तिसरा त्यात पिक्सेलचा बदलही धरतो. एकाच परीक्षकाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. आर्टिंग्ज आणि टीएफटी सेंट्रल यांच्या मोजण्या मी वापरतो, पण त्या एकमेकींत मिसळत नाही.

या निकषावर आजचे बहुतेक गेमिंग मॉनिटर, मग ते कोणत्याही परिचित कंपनीचे असोत, त्यांच्या कमाल रिफ्रेश रेटवर पुरेसे जलद असतात. त्यांच्यातील एक-दोन मिलिसेकंदांच्या फरकासाठी कंपनी बदलण्यात अर्थ नाही, कारण माउसपासून पडद्यापर्यंतच्या साखळीत गेमचे इंजिन आणि ग्राफिक्स कार्डमधील फ्रेमची रांग यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा असतो. व्ही-सिंक (प्रत्येक फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळेपर्यंत थांबवणारी सोय) चालू असताना रांगेत थांबलेली एकच फ्रेम ६० हर्ट्झवर १६.७ मिलिसेकंद खाते. ‘मॉनिटर हळू आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या संगणकावर मी प्रथम विंडोजमधील रिफ्रेश रेट पाहतो. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालत असल्याचे इतक्या वेळा आढळते की आता ती पाहणी हाताची सवय झाली आहे.

जिथे मॉडेलमधील फरक खरोखर जाणवतो त्या जागा वेगळ्या आहेत. काही मॉनिटरना कमाल रिफ्रेश रेटवर लॅग जवळजवळ नसतो, पण गेम कन्सोल जोडून ६० हर्ट्झचा संकेत दिला की ते संपूर्ण फ्रेम साठवून मग दाखवतात. पडद्यावरील उजळतेची असमानता दुरुस्त करणारी सुविधा, दोन संगणकांचे चित्र शेजारी दाखवणारा मोड, आणि काही मॉडेलमध्ये लोकल डिमिंग (बॅकलाइट भागाभागाने मंद करणे), यांमुळेही विलंब वाढू शकतो. म्हणजे फोटोंसाठी जी सुविधा तुम्ही चालू ठेवाल, तीच रात्री बंद करावी लागेल. त्यामुळे दोन मांडण्या मेनूत साठवून एका बटणावर बदलता येतात का, हे तुमच्यासारख्या दुहेरी वापरात लॅगच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि परीक्षणांत त्याला क्वचितच दोन ओळी मिळतात.

ओव्हरड्राइव्हची कसोटी घरीच पाहता येते. टेस्टयूएफओ या संकेतस्थळावरील सरकणाऱ्या अवकाशयानाचे चित्र डोळ्यांनी पाठलाग करत पाहा. ओव्हरड्राइव्ह कमी असेल तर यानामागे फिकट, धूसर सावली राहते. तो अति असेल तर मागे उलट रंगाची चमकदार कडा दिसते. मेनूतील पायऱ्या एकेक करून बदलल्या की बहुतेक मॉनिटरमध्ये मधली पायरी योग्य ठरते आणि ज्या पायरीच्या जोरावर ‘१ मिलिसेकंद’ छापलेले असते ती वापरण्याजोगी नसते. हीच पाहणी कमी फ्रेम रेटवर पुन्हा करावी. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (पडद्याचा रिफ्रेश रेट गेमच्या फ्रेम रेटशी जुळवणाऱ्या सोयी) चालू असताना फ्रेम रेट १४४ वरून ६० पर्यंत उतरला, तर १४४ साठी जुळवलेला ओव्हरड्राइव्ह ६० वर अति होतो. रिफ्रेश रेटनुसार तो आपोआप कमी-जास्त करणारी मॉडेल कोणती आणि न करणारी कोणती, येथे कंपन्यांची फर्मवेअरमधील मेहनत उघडी पडते.

सेवेकडे येतो, कारण कंपनीच्या नावाला खरे वजन येथे आहे. ‘तीन वर्षांची वॉरंटी’ या शब्दांनी काहीच कळत नाही. अटी वाचाव्या लागतात. पहिली अट सदोष पिक्सेलची. आयएसओ १३४०६-२ या जुन्या मानकातील दुसऱ्या श्रेणीनुसार दर दहा लाख पिक्सेलमागे सतत उजळ राहणारे २ आणि काळे पडलेले २ पिक्सेल चालवून घ्यावे लागत. तुमच्या २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३७ लाख पिक्सेल असतात, म्हणजे त्या हिशेबाने ७ उजळ ठिपके असूनही तो मॉनिटर ‘निर्दोष’ ठरला असता. ते मानक आता मागे पडले आहे, पण संख्या ठरवून तिच्याखालील दोष नाकारण्याची पद्धत अनेक कंपन्यांच्या अटींमध्ये कायम आहे. डेलच्या अल्ट्राशार्पसह काही मालिकांवर एकही सतत उजळ पिक्सेल आढळल्यास मॉनिटर बदलून देण्याचे आश्वासन असते. रंगांपेक्षा या एका अटीसाठी मी डेलकडे झुकतो.

दुसरी अट बदलून देण्याच्या क्रमाची. बदली मॉनिटर आधी येतो आणि मग जुना परत जातो, की जुना पाठवून आठवडे वाट पाहावी लागते? घरच्या वापरात हा प्रश्न गैरसोयीचा असतो, पण कामाच्या टेबलावर तो थेट उत्पन्नाचा होतो. बदली म्हणून दुरुस्त केलेला जुना मॉनिटर येऊ शकतो, हेही अटींमध्ये लिहिलेले असते. एका कंपनीने, जिचे नाव येथे देत नाही, माझ्या एका दाव्यात मूळ खोक्याशिवाय मॉनिटर स्वीकारण्यास नकार दिला होता, आणि ती अट त्यांच्या पत्रकात खरोखरच होती. तिसरी अट केवळ ओएलईडीसाठी: ठसा उमटणे वॉरंटीत स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे का? डेलने २०२२ मध्ये एलियनवेअरच्या पहिल्या क्यूडी-ओएलईडी मॉनिटरवर तीन वर्षांसाठी ते समाविष्ट केले. नंतर इतर अनेकांनी तसे केले, पण सर्व मॉडेलवर आणि सर्व देशांत अटी सारख्या नाहीत.

फर्मवेअर हीसुद्धा सेवाच आहे. त्याच पहिल्या एलियनवेअर मॉडेलमध्ये ग्राहकाला स्वतः फर्मवेअर बदलता येत नव्हते. नंतरच्या आवृत्तीत यूएसबीद्वारे ती सोय आली. नव्या मॉनिटरमधील दोष पुष्कळदा सॉफ्टवेअरचे असतात, म्हणून खरेदीपूर्वी कंपनीच्या साहाय्य पानावर जाऊन त्या मालिकेतील जुन्या मॉडेलसाठी किती अपडेट आले आणि त्यांत काय दुरुस्त झाले हे मी वाचतो. ते पान रिकामे असेल तर त्यातूनही कंपनीची वृत्ती कळते.

हे सर्व धरून पाच नावांविषयी माझे आजचे मत सांगतो, मात्र ते मालिकांपुरते आहे. डेल: सेवेच्या अटी सर्वांत स्पष्ट, मेनू साधा, वेगाच्या सुविधा सामान्य मालिकांत मर्यादित. बेनक्यू: छायाचित्रे आणि डिझाइनच्या मालिका विचारपूर्वक बनवलेल्या, झोवी मालिका स्पर्धात्मक गेमसाठी उत्तम पण रंगांच्या कामाला अयोग्य. एसूस: प्रोआर्ट आणि आरओजी या दोन्ही टोकांना मजबूत, मेनूत नियंत्रणे भरपूर, सेवेचा अनुभव मात्र ठिकाणानुसार फार बदलतो. एलजी: अल्ट्रागिअरचे आयपीएस मॉनिटर वेगाने चांगले, पण त्यांतील काही नॅनो आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्याही खाली मोजला गेला आहे. सॅमसंग: ओडिसीतील ओएलईडी उत्कृष्ट, परंतु तीव्र वक्र व्हीए मॉनिटरवर फोटोंतील सरळ रेषा जोखणे मला जमत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर २७ इंची, १४४० पिक्सेल उंचीचा, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जलद आयपीएस मॉनिटर पाहिला असता. एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येणे, ६० हर्ट्झवरही लॅग कमी असणे आणि एका बटणावर मांडणी बदलणे, या तीन चाळण्यांतून जी दोन-तीन मॉडेल उरली असती, त्यांच्यात निवड मी केवळ तुमच्या भागातील सेवेवर केली असती. खोली अंधारी असेल, दिवसाचे काम दोन-तीन तासांचेच असेल आणि ठशाची वॉरंटी मिळत असेल, तर ओएलईडीकडे वळायला हरकत नाही.

मॉनिटर आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी, रात्री दिवे बंद करून पडदाभर काळा, मग गडद करडा, मग पांढरा रंग दाखवून पाहा. काळ्यावर कोपऱ्यांतून झिरपणारा प्रकाश आणि उजळ पिक्सेल दिसतात, करड्यावर डाग आणि पट्टे, पांढऱ्यावर काळे पडलेले पिक्सेल. आयपीएसच्या कोपऱ्यांतील फिकट चकाकी डोके हलवले की सरकते आणि ती त्या तंत्राचाच भाग आहे. डोके हलवूनही जागचा न हलणारा पिवळट डाग मात्र दोष समजावा आणि त्याचा फोटो काढून लगेच कळवावे. तुमचे ग्राफिक्स कार्ड कोणते आहे, तुम्ही प्रामुख्याने कोणते गेम खेळता आणि दिवसा खोलीत ऊन किती येते, हे कळवल्यास मोड आणि पॅनेलविषयी याहून नेमके लिहिता येईल.